एकोणतिसाव्या फोटोची जागा

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू प्रथम लिहितो, कारण वाद त्यांच्यावरूनच होणार आहे.

सागवानी दाबयंत्रं, दोन. हाडाच्या पट्ट्या, चार. बोरू, एकोणीस. काजळी आणि बाभळीच्या डिंकाची शाई, दोन बाटल्या. कॉप्टिक-मराठी शब्दांची कार्डं, अकरा हजार चारशे सहा, चपलांच्या खोक्यांत. आणि एक ग्रंथ: योहानाचं शुभवर्तमान, इजिप्तच्या जुन्या कॉप्टिक भाषेत, एकशे बारा पानं, बोरूने लिहिलेला, चपलेच्या चामड्याचं वेष्टन, साखळी टाक्याने शिवलेला, जसा तिथले लोक सोळाशे वर्षांपूर्वी शिवत. घर मी बांधलेलं नाही, गवंड्याने बांधलं. म्हणून या यादीत नाही.

मी, दादासो पिराजी कुरणे, वय ५२, धंदा बुकबाइंडिंग, शिक्षण सातवी, राहणार कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाचंही न ऐकता लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. माझे वडील एक्क्याऐंशी वर्षं जगले. ज्यांना घाई असेल त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

१. राहतं घर पत्नी सरुबाई हिला. तिच्या पश्चात मुलगी संघप्रिया हिला. सरुबाईने तेहतीस वर्षं माझ्या खळीचा वास सोसला आणि तेहतीस वर्षं तो बोलून दाखवला. फिटंफाट झाली.

२. दाबयंत्रं, पट्ट्या आणि दुकानातला पुठ्ठा विकून येईल ते सरुबाईला. शेजारचे बाइंडर गणपतराव मगदूम यांनी दाबयंत्रांची आशा सोडावी. ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि त्यांच्या जुजबंदीची शिलाई दुसऱ्या वाचनाला सुटते.

३. ग्रंथ कसा झाला ते लिहिणं भाग आहे, नाहीतर पुढची कलमं कळणार नाहीत.

१९९१ साली एका जुन्या मिशन बंगल्यातली पुस्तकं रद्दीत निघाली. त्यात कॉप्टिकचं इंग्रजी व्याकरण आणि एका हस्तलिखिताचे फोटो होते. इंग्रजी मी बांधायला आलेल्या पुस्तकांतूनच शिकलो होतो. त्याआधी एकदा संस्कृत शिकायला गेलो, तर गुरुजींनी पहिल्यांदा आडनाव विचारलं, मग वेळ नाही म्हणाले. कॉप्टिक शिकवायला कोल्हापुरात कोणी नव्हतं, त्यामुळे हाकलायलाही कोणी नव्हतं. लोक म्हणायचे, “बौद्धाच्या घरात बायबल कशापायी?” ख्रिस्ती व्हायला मी निघालो नव्हतो. हे शास्त्र ग्रीकमधून आपल्या घरच्या भाषेत पहिल्यांदा आणताना इजिप्तच्या त्या माणसांनी कुठे शब्द सोडला, कुठे हार मानून ग्रीक शब्दच ठेवला, ते मला बघायचं होतं. सात वर्षं गेली. एकेका शब्दाला एकेक कार्ड.

फोटोंच्या पाठीवर पेन्सिलीने एक ते छप्पन्न आकडे होते. एका फोटोत समोरासमोरची दोन पानं. एकोणतिसावा फोटो पाकिटात नव्हता. म्हणजे अकराव्या अध्यायात मेलेला लाजार थडग्यातून बाहेर येतो, नेमका तो भाग. कोरी पानं ठेवून पुस्तक शिवणं मला जमत नाही. बाकीच्या पानांतले शब्द वेचून ती दोन पानं मी स्वतः रचली. आठ महिने लागले. येशू ‘धोंड काढा’ म्हणतो, त्यापुढे एक ओळ माझ्या पदरची घातली: ‘ज्यांनी धोंड काढली त्यांची नावं कोणी विचारली नाहीत.’

ही लबाडी नव्हे. तिथले लेखनिक ग्रंथाच्या शेवटी आपलं नाव आणि चूकभूल लिहून ठेवत. मीही शेवटच्या पानावर, कॉप्टिकमध्येच, लिहिलं: ‘लाजाराची दोन पानं पिराजीचा मुलगा दादासो याने रचली. ती मूळची समजू नयेत.’

४. मुलगा संघर्ष कॉलेजात इतिहास शिकवतो. १९९९ साली त्याने मला न सांगता ग्रंथाच्या झेरॉक्स काढल्या आणि पुढच्या वर्षी निबंध छापला. कुठलं हस्तलिखित, म्हणून विचारायला तो एकदाही माझ्या टेबलापाशी आला नाही. काही पानांचं भाषांतर त्याने बाहेरून करून घेतलं, शेवटच्या पानाचं नाही, आणि माझ्या त्या एका ओळीवर चौतीस पानं लिहिली. प्राचीन इजिप्तमधल्या मजुरांचा आवाज त्याला त्यात ऐकू आला. माझ्यावर एकच वाक्य आहे, ते जसंच्या तसं देतो: ‘नक्कल करणारा स्थानिक बाइंडर या भाषेशी पूर्णतः अपरिचित असल्याने त्याने मजकुरात फेरफार केला असण्याची शक्यता संभवत नाही.’

शेवटचं पान त्याने चित्र म्हणून छापलं. खाली लिहिलं, ‘प्राचीन लेखनिकाची प्रार्थना’. बापाचं आणि आज्याचं नाव स्वतःच्या निबंधात छापलं आणि त्याला ते वाचता आलं नाही.

त्या निबंधावर त्याला बढती मिळाली. पेढे घेऊन आला. मी दोन खाल्ले. एका वाक्यात मी सगळं थांबवू शकलो असतो. चार वर्षं बोललो नाही, आणि त्या चार वर्षांत मला झोप चांगली लागली, हेही लिहून ठेवतो.

यंदा फेब्रुवारीत त्याला परदेशी अभ्यासकाचं पत्र आलं. चित्र धूसर आहे, पण त्यात ‘दादासो’ असं नाव दिसतं. हे कोण, आणि मूळ प्रत पाहायला मिळेल का? पत्र घेऊन तो दुकानात आला.

“आबा, तुमाला ह्ये वाचाय येतंय?”

“येतंय.”

“मग मला सांगाय न्हाय व्हय?”

“तू इचारलंस कवा?”

सरुबाई आतून बाहेर आली. “अवो, बाप हायसा का वैरी? प्वाराची नोकरी जाईल की!”

“म्या निस्तं लिवलंय. छापलंय तेनं.”

५. ग्रंथ आणि सर्व कार्डं संघप्रियाला. ती गडहिंग्लजला नर्स आहे. तिचा माझ्यावर जीव आहे म्हणून देत नाही. घरात टाका सरळ घालता येतो तो तिलाच. परदेशी अभ्यासकाला मी हयातीत उत्तर देणार नाही. माझ्या पश्चात तिने ग्रंथ त्यांना दाखवावा. ती भावासाठी रडेल हे मला माहीत आहे. रडून झाल्यावर दाखवावा. शेवटचं पान काढलेलं किंवा खोडलेलं आढळल्यास तिचा हक्क संपला. ग्रंथ त्या अभ्यासकाच्या पत्त्यावर पाठवावा.

६. माझ्या मरणानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर आणि पंगत बसण्याआधी, संघर्षने उभं राहून शेवटच्या पानावरचा मजकूर मोठ्याने वाचावा. मूळ कॉप्टिकमधून. ती अक्षरं तीसच आहेत. माझं वय धरता त्याला शिकायला भरपूर अवधी आहे. वाचलं तर एकोणिसातला एक बोरू त्याला द्यावा, टोक न काढलेला. नाही वाचलं तर काहीही देऊ नये, आणि पंगत उठवावी.

हे मृत्युपत्र मी माझ्या अक्षरात लिहिलं आहे. खाडाखोड नाही. साक्षीदारांपुढे वाचून दाखवलं. गणपतराव म्हणाले, “दादासो, बापानं आसलं लिवू न्हाय.” मी म्हणालो, “तुमी सही करा, पावणं.” त्यांनी केली.

दादासो पिराजी कुरणे (सही)

साक्षीदार: गणपतराव हिंदुराव मगदूम, बाइंडर (सही)
साक्षीदार: केरबा बाळू सुतार, शेजारी (सही)

कोल्हापूर, गुरुवार, १८ मार्च २००४

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर. सह्या होऊन तास झाला नाही तोवर संघर्ष आईला घेऊन आला. साक्षीदार चहा पीत होते. त्याने टेबलावर पिशवी ठेवली. “शेवटचं पान तेवढं फाडून द्या, आबा. बाकी पुस्तक तुमचंच.” सरुबाई दाराशी उभी होती, आत आली नाही. न मोजता नाकारणं हा अंदाजपंचे कारभार झाला, म्हणून रक्कम मोजली: एक लाख चौऱ्याऐंशी हजार दोनशे रुपये. पैकी एक लाख साठ हजार त्याने पतसंस्थेतून काढलेले. उरलेले चोवीस हजार दोनशे सरुबाईच्या पाटल्यांचे, सकाळीच गुजरीतल्या सोनाराकडे मोडलेल्या. रक्कम मी नाकारली.