देवीच्या राईचा कागद

४ मार्च

आज खाण कंपनीच्या रश्मी मॅडमनी राईतल्या झाडांना मोजायची टेप लावली! देवीच्या राईत चपला चालत नाहीत म्हटल्यावर बिचारीने निमूट काढल्या. कंपनी राई विकत घेणार नाही म्हणे. राई तीस वर्षं राखायचे पैसे देवळाला देणार. त्या बदल्यात खाणीसाठी दुसरीकडचं रान तोडायची त्यांना मोकळीक!

हे देवीचे मानकरी. देऊळ गळतं, गाव यांनाच बोलतं. म्हणाले, "झाडां आपलीच रवतली, वर देवळाक छप्पर येतला. तुका आणि काय व्हया गो?"

५ मार्च

वहीत मांडून पाहिलं. इकडची राई जमा, तिकडचं रान खर्च. पण राई पणज्यापासून जमेतच आहे! तीच पुन्हा जमा कशी धरायची? आणि खर्च मात्र नवा.

८ मार्च

सुरंगी फुलल्यात. दिवा लावायला गेले ती तिथेच टेकले. वासाने डोळा लागला. बघते तर झाडं एकेक करून उठली, मुळं पदरासारखी आवरून होडीत बसली. "खंय चल्लास गो?" मी विचारलं. नुसती पाण्यावर फुलं.

जागी झाले तेव्हा झाडं जागच्या जागी. तरी मोजली.

११ मार्च

नवी अट! पैसे मिळाले नाहीत तर राई तोडणार होतो, असं लिहून द्यायचं.

सासूबाई तडकल्या, "हयची सुकी काटकीसुदीक आमी चुलीत घालूक नाय!"

"तीच तर अडचण आहे, आजी," मॅडम म्हणाल्या. "ज्याला धोकाच नाही ते वाचवल्याचे पैसे कसे देणार?"

मी म्हटलं, म्हणजे राखणारा कोरडा, आणि कुऱ्हाड उगारणाऱ्याला बक्षीस! मॅडमनाही हसू आलं.

१४ मार्च

देवीला कौल लावला. पाषाणावर तांदूळ चिकटवले — उजवा पडला तर हुकूम, डावा पडला तर नाही. ह्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बाये, कागदावर तोडतलंव म्हणून लिवतंव, खऱ्यान नाय तोडूचंव."

तासभर बसलो. एकही दाणा हलला नाही. समईची ज्योतसुद्धा सरळ.

घरी येताना हे म्हणाले, "नाय म्हणूक नाय मां?"



१७ मार्च

सही झाली.

२१ मार्च

मॅडमचा फोन. वरच्या साहेबांना नुसता कागद पटत नाही. धोका खरा होता याचा पुरावा हवा. हे जेवले नाहीत.

२२ मार्च

सकाळी ह्यांनी एक सुरंगी तोडली. फुलांसकट. राईत जमिनीवर ऊन पडलं — लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. फोटो मी काढला.