शेजारणीशी न धरलेला अबोला

आई, तुझं शेवटचं पापनिवेदन मी फादरना पुरतं सांगितलं नव्हतं. सोळा वर्षं झाली. तू विचारलंस, "सांगितलंस ना सगळं?" आणि मी तुझ्या तोंडावर "हो" म्हटलं. हे कोणापाशी बोलायचीही सोय नाही, कारण फादरनी सुरुवातीलाच बजावलं होतं की दुभाषी म्हणून मध्ये बसून जे ऐकशील ते मरेपर्यंत तुझ्यापाशीच राहील, नवऱ्यालाही सांगायचं नाही. नाही सांगितलं. तेवढं एक मात्र पाळलं. तुला सांगायला हरकत नसावी, ते तुझंच होतं.

तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर अजून जसंच्या तसं दिसतं. खिडकीशी गॅस, बाजूला मामाने वसईहून पाठवलेलं चर्चचं कॅलेंडर, त्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. हातून काही चुकलं की तू त्या दिवसावर बारीकशी फुली मारायचीस. दिल्लीत तू कधी पापनिवेदनाला बसली नाहीस. चर्चमधली मिस्सा हिंदीत चालायची, इंग्रजीत चालायची, पण पाप सांगायचं ते मराठीतच. "ज्या भाषेत मी भेंडीवाल्याशी भांडते, त्या भाषेत देवाची माफी मागू?" मग सगळं मे महिन्यापर्यंत साठवायचं आणि वसईला पोचलो की पहिल्याच शनिवारी डोक्यावर पदर घेऊन रांगेत उभं राहायचं. पप्पा स्टेशनवर चिडवायचे, "चलो, आईचं वर्षाचं लोणचं निघालं." एकदा मी विचारलं की ह्यातल्या माझ्यामुळे किती फुल्या? हातातलं लाटणं तसंच धरून तू म्हणालीस, "पाप ज्याचं त्याचं. दुसऱ्याच्या अंगावर ढकललं तर आणखी एक फुली मारावी लागते." मी आठवीत होते, मला ते फार लागलं.

ह्याच हट्टापायी तू मला पहाडगंजच्या मराठी शाळेत घातलंस. दोन बसा बदलून जायचं, आणि वर रविवारी दुपारी मराठी बायबल मोठ्याने वाचायचं, अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. उधळ्या पुत्राचा दाखला आला, सगळं उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी घालतो तो, की मी हमखास थोरल्या भावाची बाजू घ्यायचे. तो बिचारा दिवसभर शेतात राबून येतो, घरात गाणंबजावणं चाललेलं, आणि त्याला साधं कोणी बोलवायलाही गेलं नाही. ये क्या बात हुई? तू म्हणायचीस, "अगं, बाप त्याच्यासाठीही बाहेर आला की. अंगणात उभं राहून त्याची मनधरणी केली. पुढे तो आत गेला की नाही, ते लिहिलेलं नाही." मला ती गोष्ट अर्धवट वाटायची. सांगायची तर पूर्ण सांगा ना.

पप्पा गेले तेव्हा मी पुण्याला होस्टेलवर होते, शेवटच्या वर्षाचे पेपर चालू होते. मी गाडीने पोचले ती थेट कबरस्तानात. तू म्हणालीस, एकाएकी झालं, शुद्धच नव्हती, कोणाची आठवणही काढली नाही. बाकीचं मी विसरले, हे शेवटचं धरून बसले. कोणाची नाही म्हणजे माझीही नाही. पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली, नोएडात नोकरी लागली, घर झालं. सगळं झालं, पण प्रत्येक चांगल्या दिवशी मनात यायचंच की जाताना ह्या माणसाला मी आठवले नव्हते.

तुला माझ्या फ्लॅटवर आणलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. वसईला नेण्यासारखी तू राहिली नव्हतीस. आमच्या चर्चचे फादर केरळचे, इंग्रजी उत्तम, हिंदी कामापुरती. तेच म्हणाले की मंगलोरचे एक फादर आहेत, त्यांना मराठी येतं, गुरुवारी त्यांना आणतो. तू हात हलवलास. "नको. ही सांगेल." दिवस मंगळवार. अकरा वाजले असतील, खाली सोसायटीत भंगारवाला ओरडत होता. तू सुरुवात केलीस. चिडचिड केली, प्रार्थनेची माळ चुकवली, नणंदेविषयी वाईट चिंतलं. मी एकेक गोष्ट इंग्रजीत सांगत गेले, ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगते तशी. मग तू थांबलीस. फादर उशाशी बसले होते, पण तू त्यांच्याकडे बघत नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस.

"जायच्या आधी ह्यांनी तीन दिवस पोरीचा धोसा लावला होता," तू म्हणालीस. "दार वाजलं की विचारायचे, आली का? मी कळवलंच नाही. पेपर बुडतील म्हणून. वाटलं, बरे होतील. आणि मग तिला खोटं सांगितलं, शुद्ध नव्हती म्हणून. दर मे महिन्यात वसईला बाकी सगळं सांगायचे, हे तेवढं नाही. फादर म्हणाले असते, आधी मुलीला सांग."

फादर माझ्या तोंडाकडे बघतायत. एवढं लांबलचक बोलणं झालं होतं, काहीतरी सांगणं भागच होतं. मी म्हटलं, हिने शेजारणीशी वर्षभर अबोला धरला होता. कुठून सुचलं देव जाणे. तुझा आणि अबोला! समोरच्या पंजाबीणबाईंना तू दर शुक्रवारी तळलेली मासळी देऊन यायचीस. फादरनी मान हलवली, पापमुक्ती दिली, कपाळाला तेल लावलं. जे पाप तू केलंच नव्हतंस त्याची तुला माफी मिळाली. त्यानंतर तू चार दिवस होतीस. मी पाणी पाजलं, कूस बदलली, केस विंचरले, सगळं केलं. कामापुरतं सोडून एक शब्द बोलले नाही.

राग आला होता, आई. आपला बाप आपली वाट बघत गेला हे असं, मध्ये बसून, दुसऱ्याला सांगण्यासाठी ऐकायचं? आणि वर तुझ्यासाठी माफी मागायची तीही माझ्याच तोंडून? मी नाही देवाला कळू दिलं. इतकी मूर्ख होते की मी नाही सांगितलं तर त्याला कळणार नाही असं मला त्या घटकेला खरंच वाटलं. तू गेल्यावर कितीतरी महिन्यांनी भांडी घासताना लक्षात आलं की गुरुवारी तू अजून होतीस. मंगलोरचे फादर येऊ शकले असते, तुला अस्खलित मराठीत सगळं सांगता आलं असतं. तुला ते नकोच होतं. तुला मी मध्ये बसायला हवी होते. ज्या मुलीला चौदा वर्षं सांगता आलं नाही, तिला तू त्या दिवशी सांगत होतीस. माझ्यासाठी अंगणात आली होतीस. भांडी तशीच टाकून मी खाली बसले आणि रडले.

ईस्टरच्या आधीच्या ह्या उपवासकाळात मी शेवटी पापनिवेदनाला गेले. कोणाचं, कसलं ते न सांगता एवढंच म्हटलं की दुभाषी होते आणि एक पाप गाळलं. तरुण फादर होते. म्हणाले, "उनका पश्चात्ताप भगवान ने सीधे सुना। उन्हें दुभाषिए की ज़रूरत नहीं थी।" मला हायसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "और आपने? आपने माफ़ किया?" मी चटकन म्हटलं, "जी, बिल्कुल." बाहेर येऊन बाकावर गुडघे टेकले तेव्हा कळलं, हेही खोटंच.

मामेभाऊ अजून दर वर्षी कॅलेंडर पाठवतो. माझ्याही फ्रिजच्या बाजूला ते असतं. माझ्या त्या पापनिवेदनाच्या तारखेवर मी पेन्सिलने फुली मारली आहे, आयुष्यातली पहिली. तुला लिहिलेला हा कागद त्याच्यामागेच खोचून ठेवीन. माफ केलं का, ते मला अजून धड सांगता येत नाही. पण दार वाजलं की पप्पा विचारायचे, आली का, हे तू सांगितलं नसतंस तर मला जन्मात कळलं नसतं. फादरना मी सांगितलं नाही, पण ऐकलं होतं, आई. त्या चार दिवसांत निदान एवढं तरी तुला म्हणायला हवं होतं.