चावी माझ्या खिशात आहे

छोट्या,

पिकअपची चावी शोधू नकोस, माझ्या खिशात आहे. कपाटातली दुसरीही मीच घेतली. तू आज सूनबाईला माहेरी सोडायला निघणार, म्हणून न विचारता घेतली. राग संध्याकाळी काढ.

माझी खोड तुला ठाऊक आहे. तीस वर्षं कारखान्यात सुटे भाग तपासले, नव्या वस्तूचा नंबर ताडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. वॉरंटीत बसवून मिळालेल्या नव्या इंजिनाचा नंबर आज बॅटरीच्या उजेडात वाचला. सदोष इंजिनं परत बोलावणारं कंपनीचं पत्र आलं होतं ना, त्यातल्या यादीत हाही नंबर आहे. चष्मा पुसून तीनदा वाचला. जुनं काढून त्यांनी तसलंच दुसरं घातलंय.

पत्र घेऊन मी सर्व्हिस सेंटरला बसने जातोय. तुम्ही टॅक्सीने जा. तारा जोडून गाडी सुरू करायची तुझी कला आज दाखवू नकोस.

सूनबाईने विचारलं तर म्हण, म्हातारा चावी कुठेतरी ठेवून विसरला. तिला सातवा महिना आहे, पुलावर काय झालं ते तिला कळायला नको. त्या दिवशी घरी येऊन आपण दोघं हसत चहा प्यायलो. माझ्या कपातला निम्मा बशीत सांडला होता, तू बघितलं नाहीस. पुलावर जुनं इंजिन जाम झालं तेव्हा मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला. दर वेळी तो थांबेलच असं नाही.

बाबा