आपल्या नंबरापुढचं पीपी

अप्पा, परवा कपाट आवरताना माझ्या मुलीला आपल्या आळीतल्या कुणाच्या तरी लग्नाची जुनी पत्रिका सापडली. खाली आपला फोन नंबर आणि पुढे कंसात पी.पी. तिने विचारलं, हे काय असतं? मी हौसेने सांगायला लागले आणि निम्म्यातच थांबले. पुढचं तिला सांगण्यासारखं नव्हतं. ते तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

तुम्ही असतात तर तिला नीट समजावलं असतंत. महाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डापुढे बसून निम्मं आयुष्य काढलंत. आईने जेवताना काही विचारलं तरी ‘होल्ड कर’ म्हणायचात. पीपी म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. ट्रंक कॉल बुक करताना ज्याचं नाव सांगितलं, तोच माणूस लाइनवर आला तर बोलणं सुरू, आणि मिनिटंही तेव्हापासूनच मोजायची. पुढे एसटीडी आलं, बुकिंग गेलं, पण ती दोन अक्षरं आपल्या पोलादपुरात मागे राहिली. ज्याच्या घरी फोन नाही त्याने शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे पीपी लिहायचं. आपला नंबर अकरा घरांचा होता. ‘अमक्याला बोलवा, दहा मिनिटांनी परत करतो’ असा फोन आला की मी चपला सरकवून निघायचे. आई कुरकुरायची, “फोन घेतलाय की धर्मशाळा काढलीय?” तुम्ही हसायचात. मात्र एकदा मी खिडकीतूनच हाक मारली, उत्तर आलं नाही तशी फोनवर ‘घरात नाहीत’ म्हणून मोकळी झाले, तेव्हा तुम्ही रागावलात. “ऑपरेटर अंदाजाने माणूस नाही म्हणत नसतो. जायचं, बघायचं, मग सांगायचं.” मला तेव्हा ते फार पुस्तकी वाटलं होतं.

मे महिना आहे, दुपारचे तीन. तुम्ही ड्युटीवर, आई कापड्याला मावशीकडे. मी एकोणीस वर्षांची, आणि कॉलेजातला एक मुलगा सव्वातीनला फोन करणार आहे. फोन वाजतो, मी झडप घालते, तर मस्कतहून. खालच्या आळीतल्या भाभीचा नवरा. “जरा तिला बोलवता का? पाच मिनिटांनी करतो.” म्हणजे ती येणार, बोलणार, रडणार, मग पाणी पीत आईची वाट बघत बसणार. मी जागेवरून हलतही नाही. “ती तुडीलला गेलीय, माहेरी,” मी म्हणते. पलीकडून “बरं” एवढंच. सव्वातीनला माझा फोन आला. त्याला अर्थशास्त्राच्या नोट्स हव्या होत्या.

महिन्याभराने भाभी आली, हातात नवऱ्याचं पत्र. सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत माहेरी जायचं नाही, असं त्याने तिला बजावलं होतं, आणि सासूला एकटी टाकून ती गेली असं तो समजून बसला होता. फोन करणार नाही, पुन्हा पत्रही लिहिणार नाही, तू तुडीललाच राहा, असं लिहिलं होतं. भाभीच्या शब्दावर त्याचा विश्वास उरला नव्हता, आणि सासूला दिसत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. तिची साक्ष मस्कतला पोचवणार कोण? “काका, मी घरातच होते. कुठंच गेली नाय. कुणी सांगितलं त्यांना?” तुम्ही पत्र दोनदा वाचलंत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तुमची नजर एकदाच माझ्यावर आली. आणि तुम्ही तिला म्हणालात, “माझंच चुकलं, पोरी. सकाळी मीच घरात म्हणालो होतो, तू तुडीलला गेलीस म्हणून. कुणीतरी भलतंच सांगितलं मला. हिने तेच पुढे सांगितलं.” तिच्यासमोर बसून तुम्ही मस्कतला तसंच पत्र लिहिलंत, खाली पूर्ण सही केलीत आणि माफीही मागितलीत. ‘खोटं मीच बोलले’ एवढं म्हणायला मला तिथल्या तिथे दहा संधी होत्या. मी चहा ठेवायला आत गेले.

तुम्ही मला काही बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, मी रडले असते, सुटले असते. त्या दिवसानंतर कुणालाही बोलवायला तुम्ही मला पाठवलं नाहीत, एवढंच. गुडघा दुखत असला तरी स्वतः उतरून खालच्या आळीत जायचात. तुम्ही नसताना फोन आला तर आई जायची. मला वाटायचं, आज सांगावं. मग माझं लग्न ठरलं, आणि असल्या गोष्टी सांगायच्या राहूनच जातात, अशी मी मनाची समजूत घातली.

मागच्या महिन्यात महाडच्या एसटी स्टँडवर भाभीने मला ओळखलं. नवरा कायमचा परत आलाय, मुलाचे दोन टेम्पो आहेत. माझा हात धरून म्हणाली, “काकांनी पत्र लिहिलं म्हणून माझं घर राहिलं, ताई. एकदा चुकले बिचारे, पण कबूल केलं. एवढं कोण करतो?” तेव्हा तरी सांगायचं होतं, अप्पा. तुम्ही नाही, नवरा परत आलेला, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मी म्हणाले, “हो ना. त्यांचा व्हायचा असा घोटाळा कधीकधी.”

हे पत्र खरं तर भाभीलाच जायला हवं. तिने पत्ता लिहून दिलाय, तो माझ्या पर्समध्ये आहे. पत्र घालायला पाकीट मात्र मी आणलेलं नाही.