शेरा : मुदतीत परतले नाहीत

प्रति,
मा. प्रादेशिक अधिकारी,
परदेश अध्ययन साहाय्य कार्यालय, कोकण विभाग,
रत्नागिरी.

अर्जदार : उपासना बुद्धभूषण तांबे, मुक्काम कॅरी, नॉर्थ कॅरोलायना, अमेरिका.

विषय : श्री. बुद्धभूषण ईश्वर तांबे यांच्या नावापुढील शेरा दुरुस्त करणेबाबत, आणि त्यांचे वडील श्री. ईश्वर रामा तांबे यांना बजावलेली नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या सूचनाफलकावरील यादी दि. १ सप्टेंबर १९९८, अनुक्रमांक ७.
२) आपली नोटीस दि. २६ ऑक्टोबर १९९८.
३) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज.

महोदय,

१. अर्जदार ही श्री. बुद्धभूषण तांबे यांची पत्नी असून कॅरी येथील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. हा तिचा पाचवा अर्ज आहे. आधीच्या चारही अर्जांत आपल्या छापील नमुन्यात मावेल तेवढेच लिहिले होते. ते पुरले नाही, म्हणून या वेळी झाले ते सगळे लिहीत आहे. लांबण लागल्यास क्षमा असावी.

२. श्री. तांबे मूळचे मौजे खारकिणी, तालुका गुहागर येथील. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते, त्यांना सगळा गाव गुरुजी म्हणतो. बौद्धवाडी गावाच्या वरच्या अंगाला टेकाडावर आहे. तिथून समुद्र दिसतो, पण वाडीतल्या माणसांचे समुद्रावर पूर्वी काही काम नसे. श्री. तांबे सात-आठ वर्षांचे असताना शाळा सुटल्यावर घरी न येता किनाऱ्यावर जाऊन बसू लागले. एकदा गुरुजी शोधत गेले आणि म्हणाले, "काय करतोस इथे?" मुलगा वाळूवरच्या पांढऱ्या पक्ष्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "कुरव मोजतोय. काल दोनशे दहा होते, आज साठच आहेत. बाकीचे कुठे गेले?" गुरुजींनी रागे न भरता दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणून दिली. मोजायचे तर लिहून ठेव, म्हणाले. पुढे मुंबईत प्राणिशास्त्राची पदवी, मग मत्स्य महाविद्यालयात अध्यापन, आणि १९९४ साली आपल्या कार्यालयाच्या साहाय्याने अमेरिकेतील विद्यापीठात संशोधन. खारकिणीहून परदेशी गेलेला वाडीतला तो पहिला माणूस. निघताना आईने, रमाबाईंनी, मुलाला फक्त एवढेच विचारले होते, "तिकडचा समुद्र खोल असतो का रे?" ते हसून म्हणाले, "मी उथळावरच काम करणार आहे, आई." हे खरेही होते.

३. त्यांचे काम काय, हे आपल्या कार्यालयाने दोनदा विचारले, म्हणून लिहिते. डेन्मार्क देशात समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. अमेरिकेच्या समुद्रात तेव्हा एकही नव्हती. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून बारा मैलांवर वाळूचा एक उथळ पट्टा आहे. तिथे वारा मोजण्याचा खांब, आणि जमल्यास पुढे चक्क्या उभारण्याचा एका कंपनीचा विचार होता. त्या पट्ट्यावर हिवाळ्यात उत्तरेकडून कोणते पक्षी येतात, किती येतात, पाण्यापासून किती उंचीवरून उडतात, हे आधी मोजायला हवे होते. ते विद्यापीठाने श्री. तांबे यांच्याकडे सोपवले. ते पवनचक्क्यांच्या विरोधात नव्हते. आपल्याकडे पाठवलेल्या मूळ अर्जात त्यांनी लिहिले होते, "आपल्या किनाऱ्यावरही कधीतरी अशा चक्क्या येतील. त्या येण्यापूर्वी तिथले पक्षी कोणीतरी मोजलेले असावेत." तो अर्ज आपल्या दप्तरी असेल.

४. तीन हिवाळे ते मोजत राहिले. कॅरीहून किनारा गाडीने साडेतीन तासांवर. सोमवारी जायचे, शुक्रवारी यायचे. बोट डेल नावाच्या स्थानिक कोळ्याची होती. डेल साठीचा, कमी बोलणारा. सुरुवातीला तो ह्यांना "डॉक्टर" म्हणे, नंतर "बुडी" म्हणू लागला. सहा सरळ रेषा आखलेल्या होत्या. प्रत्येक फेरीत सहाही रेषांवरून बोट न्यायची आणि दिसेल तो प्रत्येक पक्षी वहीत उतरवायचा. श्री. तांबे यांना बोट लागे. उलटी करून तोंड पुसायचे आणि पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावायची. घरी आल्यावरही दोन दिवस जमीन हलते म्हणायचे. शनिवारी संध्याकाळी, म्हणजे भारतातल्या रविवारी सकाळी, ते खारकिणीच्या एसटीडी बूथवर फोन लावत. गुरुजी तिथे तासभर आधी येऊन बसलेले असत. आठवड्याचा आकडा ते वडिलांना सांगत आणि गुरुजी तो त्यांच्याकडच्या वहीत लिहून घेत. बापलेकांचे दुसरे बोलणे फारसे होत नसे.

५. दि. ११ फेब्रुवारी १९९७, मंगळवार. त्या दिवशीचे अर्जदाराला जे माहीत आहे ते डेलने सांगितलेले आहे. सकाळी सातला निघाले. पाच रेषा झाल्या. अकराच्या सुमारास वारा ईशान्येला फिरला. डेल म्हणाला, "बुडी, आता परत जाऊ." हे म्हणाले, "एकच रेषा उरली आहे. ती सोडली तर आजचा दिवस धरता येणार नाही." डेलने बोट वळवली नाही. याचे त्याला आजही वाईट वाटते. सहावी रेषा निम्मी झाली असताना, अकरा चाळीसला, शेवटची नोंद झाली. श्री. तांबे यांनी वही डेलच्या हाती दिली, आत ठेव म्हणाले, आणि पुढच्या बाजूला अडकवलेले वाऱ्याचे मापक सोडवायला गेले. डेल ओरडला, "राहू दे ते!" ह्यांनी मागे न बघता हाताचे एक बोट वर केले. एक मिनिट. पाणी उथळ असल्याने लाट तिथे उभी राहून फुटली. लाट ओसरली तेव्हा बोटीवर डेल एकटा होता.

तटरक्षक दलाने तीन दिवस शोध घेतला. पाणी सात अंश सेल्सिअस होते. काहीही सापडले नाही.

६. शेजारचे विनय मोहिते यांनी, "वहिनी, तुम्ही ड्राइव्ह करू नका, मी येतो," असे म्हणून अर्जदारास किनाऱ्यावर नेले. तीन दिवस ती धक्क्यावरच्या गाडीत बसून होती. चौथ्या दिवशी डेल काचेपाशी आला आणि त्याने वही दिली. शेवटच्या पानावर ह्यांच्या अक्षरात आहे : "काळी बदके २१२, पाण्यावर बसलेली. लून १, उडताना, अंदाजे नऊ मीटर." खाली रेघ मारलेली नाही. ते फेरी संपल्यावरच रेघ मारत.

खारकिणीला फोन अर्जदारानेच केला. रविवार नव्हता, म्हणून गुरुजींना बोलावून आणावे लागले. धावत आल्याने त्यांना धाप लागली होती. "बोल बाळ, या आठवड्याचा आकडा किती?" असे त्यांनी सुरुवातीलाच विचारले, कारण त्यांना वाटले फोन मुलाचा आहे.

७. मार्च १९९७ मध्ये अर्जदाराने आपल्या कार्यालयास नोंदणीकृत टपालाने कळवले. ऑक्टोबरमध्ये उत्तर आले की मृत्यूचा दाखला जोडावा. देह मिळाला नसल्याने इथे दाखला मिळत नाही, असे कळवले. त्यावर, ज्या गावाच्या हद्दीत घटना घडली तेथील स्थानिक संस्थेचे पत्र जोडावे, असे आले. समुद्रात बारा मैलांवर गाव नाही, असे लिहिले. तर जवळच्या गावाचे चालेल, असे आले. अर्जदार डेलच्या गावच्या कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि पत्रात लिहिले की हे गृहस्थ तीन हिवाळे आमच्या गावातून समुद्रावर जात होते, आमच्या हॉटेलात नाश्ता करीत होते, आणि ११ फेब्रुवारीनंतर परत आलेले आम्ही पाहिले नाहीत. ते पत्र इंग्रजीत असल्याने, राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेले मराठी भाषांतर जोडावे म्हणून परत आले. नॉर्थ कॅरोलायनात मराठी वाचणारा राजपत्रित अधिकारी अर्जदारास सापडला नाही. त्यानंतर आपले जे पत्र आले ते अर्जदाराच्या नावे नव्हते. श्री. बुद्धभूषण तांबे यांच्याच नावे होते : मुदतीत न परतण्याच्या कारणांचा खुलासा आपण तीस दिवसांत समक्ष हजर राहून करावा.

ते पत्र अर्जदाराने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचले. ते समक्ष हजर राहू शकले असते तर, महोदय, त्यांनी आपल्या कार्यालयास एका दिवसाचाही उशीर केला नसता.

८. जून १९९८ मध्ये येथील न्यायालयात सुनावणी झाली. न्यायाधीशांनी विचारले, "आपले पती हयात नाहीत, असे आपल्याला कशावरून वाटते?" वकिलाने उत्तर लिहून दिले होते. ते अर्जदाराला आठवले नाही. ती म्हणाली, "त्यांनी वडिलांना फोन केलेला नाही. सत्तर रविवार झाले." न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. त्या आठवड्यात, ते हयात नसल्याचा निकाल मिळाला. तो, कॅरीतील नोटरीच्या शिक्क्याच्या भाषांतरासह, अर्जदाराने १४ जुलैला आपल्याकडे धाडला. पोच आली. यादी त्यानंतर दीड महिन्याने लागली.

९. यादीत नऊ नावे असून मथळा "परदेशी जाऊन मुदतीत न परतलेले" असा आहे. त्यातले काही तिकडेच नोकरीला लागले असतील. त्याबद्दल अर्जदारास काही म्हणायचे नाही. पण गावात यादीचा अर्थ एकच लावला गेला. शाळेच्या कट्ट्यावर कोणी तरी बोलले, गुरुजींचा पोरगा सरकारला फसवून तिकडेच राहिला, बुडाल्याची बातमी नुसती बतावणी. ज्या माणसाने चाळीस वर्षे त्याच शाळेत हजेरी घेतली त्याच्या कानावर हे आले.

गुरुजी एकाहत्तर वर्षांचे आहेत. पहाटेच्या एसटीने ते आपल्या कार्यालयात आले. सोबत मुलगी प्रतिमा होती, पुढचे तिने फोनवर सांगितले. त्यांनी लिपिकास म्हटले, "सातव्या नंबरचा माझा मुलगा. तो पळालेला नाही." लिपिक अदबीने म्हणाले, "गुरुजी, यादी वरून आली आहे. इथे बदलता येत नाही." गुरुजी परत गेले. असे तीनदा झाले. २० ऑक्टोबरला चौथ्यांदा आले तेव्हा त्यांनी कोणाला काही विचारले नाही. फलकापाशी गेले, चष्मा लावला, खिशातले पेन काढले आणि शेऱ्याच्या रकान्यात, छापील शब्दांच्या खाली, लिहिले : "समुद्रात काम करताना गेला. ई. रा. तांबे, वडील." मग पेनाला टोपण लावून बाकावर बसले. प्रतिमा म्हणाली, "बाबा, चला, कोणी बघेल." ते म्हणाले, "बघू देत. त्यासाठीच लिहिले."

सरकारी दस्तऐवज विद्रूप केल्याची नोटीस त्यांना २६ तारखेला निघाली. खुलासा न दिल्यास पोलिसांत तक्रार होईल, असे तीत आहे. माफीचे दोन शब्द लिहून द्या, प्रकरण मिटेल, असा निरोपही आला. गुरुजींनी खुलासा पाठवला आहे, तो आपण पाहिला असेल. त्यात दोनच वाक्ये आहेत : "अक्षर माझे आहे. मजकूर खरा आहे."

१०. त्या उथळ पट्ट्यावरचे काम श्री. तांबे यांच्या प्राध्यापकांनी वह्यांवरून पुरे केले. शेवटची अर्धी रेषा त्यांनी तशीच अर्धी छापली. अहवाल वाचून कंपनीने खांबाची जागा बदलली आणि पट्टा सोडून दिला. गेल्या हिवाळ्यात डेलने फोन करून सांगितले, बदके आली आहेत, खूप आहेत, पण मला मोजता येत नाहीत.

११. तरी विनंती की, (अ) अनुक्रमांक ७ चे नाव त्या यादीतून काढावे. (ब) गुरुजींवरील नोटीस मागे घ्यावी. (क) नवा कागद लागेपर्यंत गुरुजींची ओळ खोडू किंवा झाकू नये. आणि (ड) आपल्या दप्तरी योग्य नोंद घेऊन तिची प्रत गुरुजींच्या पत्त्यावर पाठवावी, अर्जदाराच्या नव्हे.

१२. या अर्जात आपल्या छाननी शाखेला एक त्रुटी आढळेल, ती अर्जदार स्वतःच निदर्शनास आणते. आमच्या समाजात गेलेल्या माणसाच्या नावाआधी "कालकथित" लिहितात. वर सगळीकडे "श्री." लिहिले आहे, आणि अर्जदाराने स्वतःच्या नावाआधी सौभाग्यवती किंवा श्रीमती यांपैकी काहीच लिहिलेले नाही. ही नजरचूक नाही. ते गेले, हे पटवण्यासाठी दीड वर्ष ती कागद गोळा करत फिरली. इंग्रजी अर्जांवर त्याच अर्थाचा शब्द पन्नास वेळा लिहिला असेल. मराठीत लिहायला घेतला की हात थांबतो. गुरुजींनीही फलकावर "गेला" इतकेच लिहिले. म्हणून ही शेवटची विनंती : आपल्या नोंदीत तो शब्द आपल्या कार्यालयाने लिहावा. टंकलिखित, शिक्क्यासह. तिथे एकदा वाचला म्हणजे मग मलाही लिहिता येईल.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,

उपासना बुद्धभूषण तांबे
कॅरी, दि. २२ नोव्हेंबर १९९८

सोबत :
१) न्यायालयाच्या निकालाची प्रत, भाषांतरासह (दुसऱ्यांदा).
२) डेलच्या गावच्या कचेरीचे पत्र.
३) अहवालाचा मराठी सारांश, अर्जदाराने केलेला.
४) वहीच्या शेवटच्या पानाची छायाप्रत. मूळ वही मागवू नये, ती देता येणार नाही.