सहासष्ट, सदुसष्ट

३ मार्च, सोमवार

तोच आहे! मेणाची सुरी बाजूला ठेवून आधी हे लिहितेय.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं म्हणून दवाखान्यात गेले. एरवी मी आपली लॅबमध्ये कवळ्या घडवत बसलेली – समोर नुसते जबड्यांचे साचे, माणूस कधी दिसतच नाही. पण या आजोबांची कवळी ‘स’ म्हणताना शिट्टी मारत होती. म्हटलं, साठपासून मोजा बघू. मोजायला लागले. सहासष्टवर आवाज मधोमध चिरला आणि सदुसष्टला पुन्हा सांधला. असा आवाज एकाच माणसाचा. सोळाव्या वर्षापासून ऐकतेय मी तो!

तो ज्यात गायचा, तो बँड फुटून अठ्ठावीस वर्षं झाली. गायक तेव्हापासून गायब. ना फोटो, ना मुलाखत. आजोबांच्या केसपेपरवर नाव दुसरंच होतं. असणारच!

४ मार्च

ह्यांना सांगितलं. “मग विचारायचं ना सरळ!” म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. इतकं सोपं असतं का?

स्वयंपाक करताना पहिला अल्बम लावला. भाजी करपली. ड्रमर कायम घाईत, गिटार कायम जरा उशिरा, आणि दोघांच्या मधल्या फटीत हा अंग चोरून गायचा. लोक म्हणायचे, चौघांपैकी एकालाही धड वाजवता येत नाही. म्हणोत बापडे. मी दोनदा नापास झाले, घरात कुणी बोलेना, तेव्हा हेच चौघे खोलीत होते. धीरबिर कधी दिला नाही त्यांनी. फक्त वाटायचं, आपल्यासारखीच तिकडेही कुणाचीतरी तगमग चाललीय.

५ मार्च

दोनदा डॉक्टरीणबाईंना फोन लावला, दोनदा कापला.

६ मार्च

कॅसेटला बोलून बसले. आमच्या चाहत्यांच्या गटाचा हा म्होरक्या – पन्नाशी उलटली, तरी बँडची एकूण एक कॅसेट जपून ठेवलीय, म्हणून हे नाव. “कुणाला बोलू नकोस हं.” “वेडी आहेस का!” तासाभरात गटावर बेचाळीस मेसेज. या माणसाच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! सगळे शनिवारी अकराला दवाखान्यावर येणार. फुलं घेऊन, सह्या घ्यायला. आजोबा कवळी न्यायला अकराला येणार, हे मीच सांगितलं होतं त्याला. जीभ झडली असती तर बरं.

७ मार्च

आजोबांच्या कवळीची तालूकडची बाजू खरवडली, भरली, पुन्हा खरवडली. एवढी वर्षं लपून राहिलेला माणूस, आणि मी त्याच्या दारात वरात नेतेय. जेवताना हे म्हणाले, “अगं, घास चाव तरी.”

८ मार्च, शनिवार, सकाळ

आजोबांना नऊलाच बोलावलंय. कवळी बसवायची, खरं काय ते सांगून माफी मागायची आणि अकराच्या आत रिक्षात घालून द्यायचं. निघाले. किल्ली कुठे ठेवली कोण जाणे!

८ मार्च, दुपार

तो नव्हे. त्याचा धाकटा भाऊ.

“आवाज तेवढा सारखा. फोनवर आईसुद्धा फसायची,” आजोबा म्हणाले.

“आणि ते कुठे असतात?”

आरसा खाली ठेवला त्यांनी. “गेला तो. चार वर्षं झाली. कुणाला कळवू नका म्हणाला होता. म्हणाला, लोक अजून वाट बघतात – बघू देत.”

अकराला फाटकाशी तीसेक जण. कॅसेटने कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. म्हटलं, “चुकले रे मी. दुसराच कुणीतरी निघाला.”

“हात्तिच्या!” तो म्हणाला. मग एकदम उजळला. “म्हणजे आपला अजून कुठेतरी आहेच की!”

मी हो म्हटलं.