बुजगावण्याचे हात

प्रिय लुंबिनी,

सप्रेम जयभीम. फोन उचलायचा नाही ही तुझी जुनी खोड, म्हणून पत्र. लातूरच्या एवढ्या मोठ्या क्लासमध्ये मराठी शिकवणाऱ्या बाईंना पोस्टानं पत्र आलं म्हटल्यावर तुमच्या स्टाफरूमला चार दिवस विषय मिळेल. मिळू दे.

आपला बुजगावण्याचा सिनेमा आठवतो ना? नांदेडला डी.एड.ला असताना तू पेनड्राइव्हवर आणलेला, एकही संवाद नसलेला कार्टूनपट. वादळात भिजलेली चिमणी बुजगावण्याच्या बाहीत शिरते आणि त्याला कळत नाही, हिला हाकलायचं की ठेवायचं. तिथंच सिनेमा थांबवायचा आणि पोरांना बोलू द्यायचं, ही युक्ती तुझी. 'आधी सांडा, मग निवडा' हे माझं. पोरं ओरडतील ते सगळं फळ्यावर, खोडायचं काही नाही. मग सुपातलं धान्य निवडावं तसा रंगीत खडूनं एकेक शब्द वेगळा करायचा. दिसलं ते लाल, वाटलं ते पिवळं, घडलं ते हिरवं. त्यातलं आधी काय, नंतर काय, कशाला रजा द्यायची ते ठरवायचं आणि मगच वही उघडायची.

आमच्या शाळेत टीव्ही आल्यापासून मी दरवर्षी सातवीला तो लावते. पहिल्यांदा पोरं गप्पच बसतात. 'माझी शाळा', 'माझा आवडता ऋतू' पाठ करून आलेली ती, तुला काय वाटतं असं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. मग एखादा हरिओम ओरडतो, "बाई, त्याला बी थंडी वाजायलीय!" आणि पुढं फळा पुरत नाही. दोन वर्षांमागच्या सातवीतली शेषेरावांची पोरगी सुकन्या ओरडणाऱ्यांतली नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर ती उठली, पिवळ्या खडूनं 'हात' या शब्दाभोवती गोल काढला आणि जागेवर जाऊन लिहिलं, 'बुजगावण्याला हात होते, पण ते कुणाला जवळ घ्यायला केलेले नव्हते.' मी तुला त्याच संध्याकाळी फोनवर वाचून दाखवलं. तू म्हणालीस, पंचे, अंगावर काटा आला गं.

सव्वीस जानेवारीला मी तो निबंध तिला सगळ्या गावासमोर वाचायला लावला. टाळ्या पडल्या. शेषेराव माझ्यापाशी येऊन म्हणाले, "पोरगी लई हुशार हाय बाई, हितं ठिवून वाया घालवायची न्हाई." आपल्याकडचं तुला ठाऊकच आहे, पोर चांगलं निघालं की त्याला गावात ठेवत नाहीत. आठवीसाठी एसटीनं जळकोटच्या शाळेत जाण्याऐवजी ती त्याच जूनमध्ये लातूरला तुमच्या क्लासला गेली. तू तिथं आहेस म्हणून मला उलट बरंच वाटलं होतं.

आता ती नववीत आहे. पंचमीसाठी गावी आली होती, काल मेंदीभरल्या हातांनी शाळेत आली. वाळलीय फार. मी हौसेनं सिनेमा लावला, त्याच जागी थांबवला. यंदाची सातवी ओरडायला लागली तसा मी खडू तिच्या हातात दिला. ती हळूच म्हणाली, "बाई, ह्याचं आदर्श उत्तर कोणतं हाय?" तुला वाटतं ते लिही, मी म्हटलं. तिनं डोळे मिटले आणि तुमच्या नोट्समधलं 'बुजगावण्याचे आत्मवृत्त' न अडखळता म्हणून दाखवलं. शेवटाकडे आलं, 'मला हात आहेत, पण ते कुणाला जवळ घ्यायला केलेले नाहीत.'

तू चोरलंस असं मी म्हणत नाही, लुंबे. आवडलं म्हणून घेतलंस, आणि क्लासला नोट्स कालच्या काल हव्या असतात. मला रडू आलं ते त्याच्या पुढचं ऐकून. मी म्हटलं, अगं सुकन्या, हे तुझंच आहे, तू इथं बसून लिहिलेलं. थोडा विचार करून ती म्हणाली, "न्हाई बाई, छापलेलं हाय ते. मग मी तवा कुठून तरी उतरवलं असंल. माफ करा." सातवीची पोरं टकामका बघत होती. मी पुष्कळ सांगितलं, पण ती नुसती मान हलवत राहिली, मोठ्या माणसाची समजूत काढावी तशी. यंदापासून कुणाचं कितीही चांगलं उतरलं तरी मी ते वर्गाबाहेर वाचून दाखवणार नाही.

उद्या ती लातूरला परत येईल. माझं तिला पटत नाही, पण नोट्सवर नाव तुझं आहे. वर्गात नको सांगू, तुझी अडचण होईल, तेवढं मला कळतं. जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, कुठंही एकटीला गाठ आणि एवढंच सांग, की ते वाक्य तू तिच्याकडून घेतलंस. तू सांगशील असं मला वाटत नाही. सांगितलंस तरी आता ती मानेल असंही वाटत नाही. तरी विचारते आहे, कारण ते वाक्य तुझ्यापर्यंत कसं पोचलं हे माहीत असलेली माणसं आपण दोघीच आहोत.

तुझीच,
पंचशीला